एका मुहूर्तावर तीन मैफली

तिन्ही मैफली गुरुवारीच, आणि तिन्ही रात्री आठलाच, हे निधीनं मोबाइल पुढे धरून दाखवलं तेव्हा हेमचंद्र सरपोतदार दहीभात कालवत होते. त्यांची बोटं भातातच थांबली.

"असं कसं? तिघांनी तर मला वेगवेगळं येऊन सांगितलं!"

"सांगितलं वेगवेगळं, बाबा. टाइम सेमच आहे."

"मग तू आधी का नाही बोललीस?"

"यू नेव्हर आस्क्ड! तुम्ही डायरेक्ट 'नक्की येतो' म्हणता."

यात खोटं काही नव्हतं. पहाटे पारिजातकाखाली फुलं पडावीत तसे हे दोन शब्द हेमचंद्रांच्या तोंडून पडत. झाड हलवावंही लागत नसे. पुण्यात होते तेव्हाही तेच, आणि बहरीनला येऊन माहूजमध्ये संसार मांडून, मुलगी कॉलेजच्या उंबरठ्यावर येऊन उभी राहिली तरीही तेच. कुणी प्रेमानं बोलावलं की माणसाचं 'नाही' कुठे दडून बसतं, हे त्यांना आजवर सापडलेलं नव्हतं.

दर हिवाळ्यात, वाळवंटातली हवा जरा माणसात आली की, शेजारच्या अदलिया वस्तीच्या गल्ल्यांमध्ये गाण्यांचा उत्सव भरायचा. कॅफेंची अंगणं, चित्रांच्या गॅलऱ्या, गाड्या हलवून मोकळी केलेली पार्किंगची मैदानं, जिथे चार माणसं मावतील तिथे कुणीतरी गात असायचं. गळ्यात पास अडकवायचा आणि वाटेल त्या दारातून आत शिरायचं. गाणारे सगळे इंडी.

"इंडी म्हणजे गं काय?" नीलानं ताक ओतता ओतता विचारलं.

"म्हणजे मागे मोठी कंपनी नाही, आई. स्वतःच लिहायचं, स्वतःच गायचं. लोक अजून ओळखत नाहीत त्यांना."

"अगंबाई! मग ऐकायला जातं कोण?"

"बाबा," निधी म्हणाली. "सगळीकडे."

पहिलं बोलावणं जयेशभाईंचं. ते हेमचंद्रांचे साहेब. त्यांचा मुलगा चिराग इंजिनिअरिंग अर्धं सोडून बँडमध्ये शिरला होता, आणि हे दुःख त्यांनी अलीकडेच अभिमान म्हणून मिरवायला सुरुवात केली होती. दुसरं गुरुप्रसादचं. वरच्या मजल्यावरचा हा बँकवाला दर सुट्टीला सरपोतदार कुटुंबाला सामानासकट विमानतळावर सोडायचा आणि परत आणायचाही. पन्नाशीनंतर त्याला संगीताचा झटका आला होता. साधंसुधं नव्हे, तर यंत्रांच्या आवाजांचं.

आणि तिसरं लायबाचं.

लायबा म्हणजे सिराजची मुलगी. सिराज मूळचा रत्नागिरीकडचा. कंपनीच्या सलमाबादच्या गोदामात तो क्लार्क होता, आणि हेमचंद्रांचा दुपारच्या डब्यातला भागीदार. गेल्या आठवड्यात बापलेक सांदणांचा डबा घेऊन घरी आले होते.

"हेमूभाय, पोरगी गायला उभी राहिली की हातपाय गार पडतात तिचे," सिराज म्हणाला होता. "गेल्या साली कॉलेजात माईक हातात घेऊन जी पळाली, ती माईकसकट घरी आली."

"अब्बा!" लायबा लाजली, पण मग हेमचंद्रांकडे वळून गंभीर झाली. "काका, तुम्ही अगदी पुढे बसाल? मला समोर एक चेहरा लागतो. अब्बांना बघितलं की मला रडू येतं. अम्मीला बघितलं की हसू. तुम्हाला बघितलं की..." तिनं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं, "काहीच होत नाही."

"हे मात्र अगदी खरं बोललीस हो," नीला म्हणाली.

"गाणं माझ्या दादीचं आहे, काका. या उन्हाळ्यात दादी गेली. आता ते फक्त मलाच येतं. तुम्ही दिसला नाहीत तर मी पळेन. आणि या खेपेला पळाले ना, तर पुन्हा कधीच उभी राहणार नाही. मला माहितेय मी कशी आहे."

"नक्की येतो," हेमचंद्र म्हणाले होते. आणि इतर दोन वेळांना नव्हतं असं काहीतरी या वेळी त्यांच्या छातीत हललं होतं.

"सिंपल आहे," निधीनं आता तोडगा काढला. "तुम्हाला जे आवडेल ते चूज करा. फेस्टिव्हलला लोक असंच करतात."

"आवडीचा प्रश्न येतोच कुठे? बोलावलंय ना त्यांनी!"

निधीनं कपाळाला हात लावला. पण नीलाचे डोळे लकाकले. पुण्यातल्या ऐन लग्नसराईत वाढलेली बाई ती. एका मुहूर्तावर तीन तीन लग्नं असली तरी तिच्या माहेरच्यांनी कधी कुणाचा रोष ओढवून घेतला नव्हता.

"अहो, घाबरता काय? पहिल्या कार्यालयात यजमानांना तोंड दाखवायचं. दुसऱ्या कार्यालयात अक्षता टाकायच्या. तिसरीकडे पंगतीला बसायचं. साहेबांना तोंड दाखवा, गुरुप्रसादभावजींकडे अक्षता टाका, आणि लायबाकडे पानावर बसा. तिच्या आधी एक गिटारवाला आहे, म्हणजे तेवढा वेळ मिळतोय. मी आणि निधी आधी जाऊन तुमची जागा धरून ठेवतो."

"आई, इट्स अ कॉन्सर्ट! कुणी जागा धरत नाही."

"म्हणूनच मिळेल," नीला म्हणाली.

गुरुवारी हेमचंद्र ऑफिसातून परस्पर निघाले. महिनाअखेरचे हिशेब मिटवून डोळे जड झाले होते, पण पाऊल हलकं होतं. गळ्यात पास, पायात चकचकीत बूट, अंगावर लग्नाला घालायचा निळा शर्ट. गाडी लांब लावावी लागली. गल्ल्यागल्ल्यांतून दिव्यांच्या माळा लोंबत होत्या, आणि एका भिंतीआडची सनई दुसऱ्या भिंतीआडच्या ड्रमला विचारत होती, तू कुणाकडचा?

चिरागचा बँड पार्किंगच्या मैदानात होता. मैदान मोठं आणि श्रोते मूठभर, त्यामुळे लपून उभं राहण्याची सोय नव्हती. अगदी पुढे, कोट घालून आणि कानात कापूस घालून, जयेशभाई उभे होते.

"आओ आओ, सरपोतदार!" त्यांनी हेमचंद्रांच्या खांद्यावर हात टाकला आणि तो तिथेच ठेवला. "देखो मेरा बेटा! वो बालवाला!"

"सर, सबके बाल हैं।"

"जिसके सबसे ज्यादा हैं!"

बँड सुरू झाला. ते वाजवणं नव्हतं, खणणं होतं. हेमचंद्रांच्या शर्टाची बटणंही ताल धरू लागली. तोंड दाखवून झालं होतं, पण खांद्यावरचा हात काही उठेना. शेवटी ड्रमवाल्यानं असा काही दणका दिला की जयेशभाईंना दोन्ही हातांनी कान दाबावे लागले, आणि हेमचंद्र मोकळे झाले.

लग्नातून निसटायची एक जुनी रीत आहे. फोन आल्यासारखं करायचं. एक हात कानावर, दुसऱ्या हातानं 'ऐकू येत नाही, ऐकू येत नाही' असं हलवायचं, चेहरा व्याकूळ ठेवायचा आणि यजमानांकडे पाठ न करता मागे मागे सरकत जायचं. हेमचंद्रांनी तेच केलं. जमीन थरथरत होती म्हणून पावलं आपोआप तालात पडत होती, त्याला ते काय करणार?

मागे कुरळ्या केसांचा एक बहरीनी तरुण उभा होता. त्यानं हे पाहिलं. निळ्या शर्टातला पोक्त माणूस, एक हात कानाशी, दुसरा हवेत, डोळ्यांत जगाचं दुःख, आणि पाऊल मागे, मागे, मागे. असं नृत्य त्यानं आजवर पाहिलं नव्हतं. त्यानंही एक हात कानाला लावला. त्याच्या मैत्रिणीनं लावला. शेजारच्या फिलिपिनो जोडप्यानं लावला. बघता बघता सगळं मैदान कानाला हात लावून मागे सरकू लागलं.

"वाह, सरपोतदार!" जयेशभाई कोटाची बटणं काढत ओरडले. "पब्लिकको नचा दिया!"

हेमचंद्र मैदानाच्या फाटकाबाहेर पडले, वळले, आणि मागे पाहतात तो दहाबारा जण त्यांच्याबरोबरच बाहेर आलेले.

"अंकल!" कुरळा तरुण धापा टाकत म्हणाला. "व्हेअर नेक्स्ट?"

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस दुसरं काय सांगणार? "गॅलरी," हेमचंद्र म्हणाले. "देन वन गर्ल. सिंगिंग."

"ही नोज," तरुण मैत्रिणीला म्हणाला. "यल्ला! लेट्स गो!"

गॅलरीच्या दारात एका मुलीनं बोटांनीच तीन गोष्टी सांगितल्या. बूट काढा. फोन गप्प करा. आणि आत उभं राहू नका, समोरच्या भिंतीवर चित्रं उमटताहेत, सावली पडते. हेमचंद्रांनी बूट काढून नीट जोडीनं ठेवले आणि आत शिरून दाराजवळच्या गादीवर आडवे झाले. त्यांच्यामागून आलेली सगळी मंडळीही बूट काढून आडवी झाली.

अंधारात लॅपटॉपच्या उजेडात गुरुप्रसाद डोळे मिटून बसला होता. आधी एसीच्या कॉम्प्रेसरची घरघर आली. मग ती थांबली. मग पुन्हा आली. मग पाण्याच्या टँकरची मागे सरकतानाची पीं पीं. दूर कुठेतरी एका लाँचीचं इंजिन सुरू होता होता राहिलं. भिंतीवर एक पंखा फिरत होता, तो बराच वेळ फिरला.

'अक्षता कधी टाकायच्या इथे?' हेमचंद्र विचार करू लागले. टाळ्यांची जागाच येईना. तेवढ्यात गादीशेजारी ठेवलेला फोन लाकडी जमिनीवर थरथरू लागला. घुर्रर्र. घुर्रर्र. नीला! हेमचंद्र गोठले. पण गुरुप्रसादनं डोळे न उघडता मान डोलावली, आणि अंधारात कुणीतरी "वाऽव" असा उसासा टाकला.

त्यांनी फोन कानाशी नेऊन तोंडावर हात धरला.

"अहो, गिटारवाल्याचं शेवटचं गाणं चाललंय!" नीलाचा आवाज. "आणि इथे एक धिप्पाड साहेब तुमच्यासाठी धरलेल्या उशीकडे बघतोय मघापासून. मी सांगितलंय, माय हजबंड पार्किंग करतोय. कुठे आहात?"

"गादीवर," हेमचंद्र कुजबुजले.

"कुठे?"

"येतो, नक्की येतो."

उभं राहायची सोय नव्हती. मग पंधरा वर्षं कंपनीची लेखापुस्तकं सांभाळणारे हेमचंद्र सरपोतदार, चीफ अकाउंटंट, हातापायांवर आले आणि दाराच्या दिशेनं रांगू लागले. बाळाचं रांगणं घर बघतं, असं म्हणतात. हे रांगणं सगळ्या गॅलरीनं पाहिलं. कुरळ्या तरुणानं मैत्रिणीला कोपरानं ढोसलं. दोघं रांगू लागली. फिलिपिनो जोडपं रांगू लागलं. ज्यांनी पार्किंगच्या मैदानाचं तोंडही पाहिलं नव्हतं, अशी आधीपासूनची आडवी मंडळीही, हा कार्यक्रमाचाच भाग दिसतोय असं समजून, निमूट रांगेला लागली. भिंतीवर पंखा फिरत राहिला आणि गुरुप्रसाद मिटल्या डोळ्यांनी आपल्या कॉम्प्रेसरात रमलेला राहिला.

बाहेर आल्यावर खरी पंचाईत. हेमचंद्र मागून आलेल्या सगळ्या मंडळींच्या आधी आत गेले होते, म्हणजे त्यांचे बूट ढिगाच्या अगदी तळाशी. वर सँडल, बूट, चपला, कुणाचे गुडघ्यापर्यंतचे जोडे. त्यांनी एक उपसला, तो डावा निघाला आणि दुसऱ्याचाच. दुसरा उपसला, तोही डावा. फोन पुन्हा थरथरला.

"खलास!" नीला ओरडली. "गिटारवाला उतरला. लायबा पडद्यातून डोकावून उशी बघून गेली. दोनदा! पोरीचा चेहरा असा झालाय, अहो..."

हेमचंद्रांनी दोन्ही डावे बूट टाकले आणि मोज्यांवर पळाले.

कितीतरी वर्षांत ते असे पळाले नव्हते. पार्किंगवाल्यांच्या शिट्ट्या मागे पडल्या, कॉफीचे वास मागे पडले, कुणाच्या तरी गाण्याची अर्धी ओळ अंगावर येऊन मागे गेली. पोट पुढे, पास खांद्यावर, आणि ओठांत एकच, थांब गं पोरी, थांब. मागून "यल्ला, अंकल! यल्ला!" असा गजर येत होता. गल्लीच्या तोंडाशी ज्यांनी तो लोंढा पाहिला त्यांनी विचारलं, काय आहे पुढे? लोंढ्यातल्यांनी सांगितलं, ठाऊक नाही, पण या माणसाला ठाऊक आहे. मग तेही निघाले.

लायबाची जागा म्हणजे एका कॅफेचं मागचं अंगण. सगळ्यात लहान जागा तिनं मुद्दाम मागून घेतली होती, म्हणजे कुणी येणार नाही. भिंतीवर बोगनवेल, जमिनीवर उश्या, मधोमध एक माईक. पुढच्या रांगेत नीला एका उशीवर पर्स, ओढणी आणि पाण्याची बाटली ठेवून नागिणीसारखी बसली होती. बाहेरच्या फाटकाच्या खांबाआड सिराज उभा होता. मुलीला आपण दिसता कामा नये, पण तिचं गाणं ऐकू आलं पाहिजे, अशा बेतानं त्यानं खांबाला अगदी मिठी मारली होती.

"हेमूभाय! बूट कुठायत तुमचे?"

"तळाशी," हेमचंद्र म्हणाले आणि आत घुसून उशीवर कोसळले.

त्यांच्यामागून अंगणात माणसं यायला लागली. येतच राहिली. उश्या संपल्या, भिंती संपल्या, बोगनवेलीखाली माना वाकवून लोक उभे राहिले. आणि नेमका त्याच क्षणी पडदा सरकवून लायबा बाहेर आली.

तिनं गर्दी पाहिली. तिचा रंग उतरला. माईककडे गेलेला हात परत आला, एक पाऊल पडद्याकडे वळलं.

"बाबा," निधी कुजबुजली, "शी इज गोइंग टु रन."

हेमचंद्रांना हाक मारायची होती, पण धाप लागून आवाजच फुटेना. त्यांनी फक्त मान वर केली. घामानं निथळलेलं, केस विस्कटलेलं, तरीही वर्षानुवर्षं जुळलेल्या हिशेबासारखं शांत, रिकामं, भलं तोंड. लायबाची नजर त्या तोंडावर येऊन टेकली. रडू आलं नाही. हसू आलं नाही. काहीच झालं नाही. तिनं डोळे न हलवता माईक धरला आणि कोणत्याही वाद्याशिवाय, हळूच सुरू केलं.

नीज माझ्या बाळा, खाडीला लागली ओहट,
बापाच्या तुझ्या गलबताला चांदणं दावी वाट.

आवाज आधी थरथरला, मग पाण्यात काठी टेकावी तसा तळाला टेकला. अंगणातले निम्मे लोक ही भाषा पहिल्यांदाच ऐकत होते. पण झोपवणाऱ्या बाईच्या आवाजाला भाषा लागत नाही. कुरळा तरुण खाली बसला. धिप्पाड साहेबानं टोपी काढली.

नीज माझ्या बाळा, वारा गेला परदेशी,
तुझ्या झोपेचं गाठोडं ठेवून गेला उशाशी.

फाटकाच्या खांबाआडून नाक ओढल्याचा आवाज आला. आणि पुढच्या रांगेत, मऊ उशीवर, दिवसभराचे हिशेब, ते खणणं, ते रांगणं, ती धाव, सगळं एकदमच हेमचंद्रांच्या पापण्यांवर येऊन बसलं. मान एकदा डावीकडे गेली. सावरली. मग उजवीकडे गेली आणि नीलाच्या खांद्यावर स्थिरावली. एक बारीकशी, तालातली घुरघुर सुरू झाली.

"अहो!" नीलानं चिमटा काढायला बोटं पुढे केली. पण लायबानं पाहिलं होतं. जो चेहरा धरून ती या काठापर्यंत आली होती, तो चेहरा गाढ झोपला होता. घोरतही होता. आता पळावं की थांबावं, हे ठरवायच्या आत तिच्या ध्यानात आलं की दादी हेच गाणं म्हणायची तेव्हा हेच व्हायचं. यासाठीच तर म्हणायची! तिचा आवाज मोकळा झाला, आणि शेवटची ओळ तिनं अशी म्हटली की बोगनवेलीचं पानही हललं नाही.

गाणं संपलं. टाळी वाजली नाही. कुणीतरी हात उचलला होता, त्याला कुरळ्या तरुणानं अडवलं, ओठांवर बोट ठेवलं आणि हेमचंद्रांकडे खूण केली. मागच्यांनी त्यांच्या मागच्यांना खूण केली. सारं अंगण हात हवेत धरून, हसू दाबून, श्वास रोखून उभं राहिलं. एवढ्या माणसांनी मिळून एका अकाउंटंटची झोप राखल्याचं त्या बेटावर पूर्वी कधी घडलं नसावं.

गोंगाटानं जी मोडली नसती ती झोप त्या शांततेनं मोडली. हेमचंद्र दचकून जागे झाले. गाणं थांबलंय. लोक गप्प आहेत. म्हणजे पोरगी पळाली? की कुणाला आवडलंच नाही? ते ताडकन मोज्यांवर उभे राहिले आणि एकटेच, जीव तोडून टाळ्या वाजवू लागले. "वा! वा! बहोत खूब! व्वा!"

आणि मग सगळं अंगण फुटलं. टाळ्या, शिट्ट्या, कुणाचं तरी ओरडणं. सिराज खांब सोडून, डोळे पुसत, माणसांतून वाट काढत पुढे आला आणि हेमचंद्रांच्या गळ्यात पडला. त्याच्याकडे बघून लायबा रडली, बाजूनं धावत आलेल्या अम्मीला बघून हसली, आणि दोन्ही करूनही ती माईकसमोरच उभी होती.

टाळ्या ओसरल्यावर ती माईकमध्ये म्हणाली, "हेमूकाका, खरं सांगा. कसं झालं गाणं?"

सगळ्या माना वळल्या. हेमचंद्रांनी नीलाकडे पाहिलं, निधीकडे पाहिलं, सुटकेचा मार्ग दिसेना. हिशेबात कधी खोटा आकडा न लिहिलेला माणूस तो.

"सुरुवात," ते म्हणाले, "फारच सुंदर होती, बेटा."

अंगण पुन्हा फुटलं. ज्यांना मराठी येत नव्हतं त्यांना शेजारच्यांनी सांगितलं, आणि मग ते उशिरानं हसले.

"मग परत म्हणते," लायबा म्हणाली. "शेवट ऐकायचाच आहे तुम्हाला." आणि तिनं डोळे मिटून पुन्हा खाडीची ओहट लावली. या खेपेला तिनं हेमचंद्रांकडे एकदाही पाहिलं नाही.

ते बरंच झालं. कारण वारा परदेशी निघायच्या आतच त्यांची मान शेजारी येऊन बसलेल्या सिराजच्या खांद्यावर टेकली होती.